वाहनविवेक

गेल्या माघात लातूरकडच्या एका गावी हरिनाम सप्ताहाच्या काल्याचे कीर्तन होते. कीर्तन झाले, काला वाटला गेला, पंगती उठल्या. मंदिराच्या ओट्यावर जरा टेकलो, तोच एक वृद्ध वारकरी जवळ येऊन बसले. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे, गळ्यात माळ, खांद्यावर पंचा. म्हणाले, "बुवा, एक विचारू का? राग मानू नका." म्हटले, "विचारा की माउली, राग कसला?"

"मघा कीर्तनात आपण सांगितलंत, गरजेहून जास्त घेतो तो दुसऱ्याच्या वाटचं घेतो. पटलं. पण आपल्याला आणायला सात माणसांची गाडी गेली अन् तीत मागं आपण एकटेच बसून आलात. टाळकरी, पखवाजवाले टेम्पोत उभ्यानं आले. हे कसं बसवायचं?"

मी काहीतरी बोललो. मंडळी प्रेमाने गाडी पाठवतात, नाही कसे म्हणावे, असे काहीसे. ते हसले. आम्ही परस्परांच्या पाया पडलो आणि ते निघून गेले. पण उत्तर झाले नव्हते, हे त्यांनाही कळले आणि मलाही कळले. पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या शंकांचे समाधान केले. ही एक शंका मात्र अंगाला चिकटून घरी आली.

घरी आलो तर तेथेही हाच विषय. थोरला मुलगा पुण्यास नोकरीला असतो. जुनी गाडी थकली म्हणून नवी घ्यायची. तो म्हणतो, "अण्णा, तुम्ही दोघे, आम्ही दोघे, दोन पोरं. सहा माणसं झाली. सात-आसनीच घेऊ." धाकट्या भावाचा मुलगा इंजिनिअर. तो म्हणतो, "काका, ह्या काळात एवढी मोठी गाडी घेणं म्हणजे पाप आहे. लहान घ्या, नाहीतर विजेची घ्या." दोघांनी मला मध्यस्थ केले. मध्यस्थास दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, आणि येथे तर मीच एका बाजूचा गुन्हेगार! म्हणून महिनाभर माहिती गोळा केली, हिशेब मांडला, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम एक शंका येईल. गाडी कोणती घ्यावी, हा बाजाराचा प्रश्न. परमार्थाच्या मासिकात त्याची चर्चा कशाला? समाधान असे. ज्यांनी कठोपनिषद ऐकले आहे त्यांना तेथील रथाचे रूपक ठाऊक आहे. शरीर हा रथ, आत्मा रथात बसलेला धनी, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय म्हणजे घोडे धावतात ते रस्ते. आता पाहा, त्या सबंध रूपकात रथ लहान होता की मोठा, याबद्दल चकार शब्द नाही. सारी चिंता सारथ्याची आणि लगामाची आहे. ऋषींना रथाचे माप माहीत नव्हते असे नाही. पण रथ चुकत नसतो, हाकणारा चुकतो, हे त्यांना सांगायचे होते. तेव्हा गाडीचा प्रश्न हा शेवटी बुद्धीचा आणि मनाचाच प्रश्न आहे. तो परमार्थाच्या बाहेरचा नव्हे.

आता मूळ वादाकडे वळू. पुतण्याचे म्हणणे, लहान गाडी पुण्याची, मोठी पापाची. हे न्यायशास्त्राच्या कसोटीस लावू. लक्षण करावे तर त्यात अव्याप्ती नको, अतिव्याप्ती नको. "मोठी ती उधळी" असे लक्षण केले तर एस.टी. सर्वांत उधळी ठरेल, कारण ती एका लिटर डिझेलमध्ये चार-साडेचार किलोमीटरच जाते! पण तीत चाळीस माणसे बसतात. चार किलोमीटर गुणिले चाळीस, म्हणजे एका लिटरमध्ये १६० माणूस-किलोमीटर. सात-आसनी गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते असे धरा. सात माणसे भरली तर ८४. लहान गाडी लिटरला २० जाते; तीत एकटा बसला तर २०. आणि सात-आसनी गाडीत एकटा बसला, जसा मी बसलो होतो, तर अवघे १२.

म्हणजे उधळपट्टी गाडीच्या आकारात नाही, रिकाम्या आसनांत आहे. भरलेली मोठी गाडी रिकाम्या लहान गाडीहून चौपट काटकसरी आहे. मुलगा हे ऐकून खुलला. म्हणाला, "बघा, माझंच बरोबर!" म्हटले, "थांब बाळ, अजून हिशेब संपला नाही. गाडी वर्षात किती दिवस भरलेली असेल, ते सांग."

तो प्रामाणिक आहे. त्याने विचार करून सांगितले. रोज कचेरीला जाऊन येऊन ४० किलोमीटर, तेही एकट्याने. वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे १२,००० किलोमीटर. आणि सगळे मिळून जाणे कधी? गावी, देवदर्शनास, एखाद्या लग्नास. सारे मिळून वर्षाकाठी १,५०० किलोमीटर. आता मांडा. मोठ्या गाडीला कचेरीसाठी १,००० लिटर लागतील, लहानीला ६००. फरक ४०० लिटर. सहाजण मिळून जाताना मोठीला १२५ लिटर लागतील आणि दोन लहान गाड्या केल्या तर १५०. येथे मोठी गाडी २५ लिटर वाचवते. म्हणजे वर्षाकाठी २५ लिटर वाचवण्यासाठी ४०० लिटर जाळायचे! मोठी गाडी कुटुंबासाठी घेतो असे आपण म्हणतो. पण ती बहुतेक दिवस कुटुंबाला घरी ठेवून फिरते.

आणि हे ४०० लिटर जातात कोठे? एक लिटर पेट्रोल जळले की हवेतील प्राणवायूशी मिळून सुमारे २.३ किलो कार्बन वायू होतो. पेट्रोलचे वजन तर लिटरला पाऊण किलो. पण जळताना ते हवेतून भर घेते. ४०० लिटरचे ९०० किलोंहून अधिक झाले. एका बैलाच्या वजनापेक्षा जास्त वायू एका माणसाने एका वर्षात केवळ रिकामी आसने वाहण्यापायी हवेत सोडला. शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरात पंच्याऐंशींहून अधिक भाग परदेशातून येतो. त्याचे मोल सर्वांच्या घामातून जाते. ज्याने आयुष्यात गाडीत पाय ठेवला नाही त्याच्याही.

येथे कोणी म्हणेल, सरकारने नियम करावेत म्हणजे झाले. नियम झाले आहेत, पण मनुष्याची बुद्धी नियमाच्या कडेकडेने कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. १९७३ साली अरब देशांनी अमेरिकेचे तेल अडवले. तेथे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७५ साली त्या देशाने कायदा केला की कारखान्यांच्या प्रवासी गाड्यांनी सरासरीने अमुक अंतर गॅलनला गेलेच पाहिजे. १९८५ सालासाठी ती अट गॅलनला २७.५ मैल होती. आपल्या मापाने लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास. पण शेतकरी आणि धंदेवाले वापरतात त्या हलक्या ट्रकांना वेगळी, सैल अट ठेवली. हेतू चांगला होता. पुढे काय झाले? १९८३ च्या अखेरीस कुटुंबासाठी नव्या घाटाच्या मोठ्या गाड्या बाजारात आल्या. त्यांची गणना कायद्याने हलक्या ट्रकांत झाली. मागोमाग जीपसारख्या उंच गाड्या आल्या, त्याही ट्रकांत. हळूहळू लोक साध्या गाड्या सोडून ह्या "ट्रकां"त बसू लागले आणि आज तेथे खपणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून अधिक संख्या ह्यांचीच आहे. शेतकऱ्यासाठी ठेवलेल्या दिंडीदरवाजातून सारे शहर आत शिरले!

हसू नका, आपलेही तसेच आहे. आपल्याकडे २००६ साली चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली. तेव्हापासून कितीतरी गाड्या ३,९९५ मिलिमीटर लांबीच्या निघतात. पाच मिलिमीटरने लहान! लांबी आखूड, पण उंची, रुंदी आणि रुबाब मोठ्या गाडीचा. २०१७ पासून आपल्याकडेही कारखान्यांना धुराची सरासरी मर्यादा आली. पण ती वजनावर बांधली आहे. गाडी जितकी जड, तितकी मर्यादा सैल. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के आणि विजेच्या गाड्यांवर ५ टक्के कर आहे. हे ठीकच. पण विजेवर चालणारी भलीमोठी गाडीही पाच टक्क्यांतच बसते. कर इंधन पाहतो, इंजिन पाहतो, लांबी पाहतो. आसन रिकामे आहे का, हे पाहणारा कर अजून निघालेला नाही. ते पाहण्याचे काम ज्याचे त्याच्या अंतःकरणाला करावे लागते.

मुलाने मग दुसरा मुद्दा काढला. "अण्णा, मोठी गाडी सुरक्षित असते. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे." आजोबाचे तोंड बंद करायला नातवंडांचे नाव पुरे असते. पण सत्य पाहिलेच पाहिजे. दोन गाड्या आदळल्या तर जड गाडीतील माणसांना धक्का कमी बसतो आणि हलक्या गाडीतील माणसांना अधिक, ही गोष्ट खरी. पण म्हणजे काय झाले? माझ्या पोराची सुरक्षितता मी दुसऱ्याच्या पोराकडून काढून घेतली. शेजारीही मग माझ्याहून जड गाडी घेणार. आणि ज्याच्याजवळ गाडीच नाही त्याचे काय? वारीच्या वाटेवर पहाटेच्या अंधारात दिंड्या रस्त्याच्या कडेने चालतात. उंच नाकाडाच्या जड गाडीची धडक पायी चालणाऱ्याला अधिक घातक, कारण ती पायांवर नव्हे, थेट छाती-डोक्यावर बसते. आपण चालणारी माणसे आहोत. गाडीची सुरक्षितता मोजताना आत बसलेले मोजतात, तसे बाहेर चालणारेही मोजले पाहिजेत. पोरांना सुरक्षित ठेवायचे तर बेताचा वेग, पट्टा आणि झोप झालेला चालक हे तीन उपाय आहेत. ह्या तिन्हींनी दुसऱ्याचे काही जात नाही.

मोठ्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मी आपण होऊन सांगतो. सौभाग्यवतीचे गुडघे गेले आहेत. खाली वाकून लहान गाडीत बसणे तिला जड जाते, उंच गाडीत सरळ बसता येते. ज्यांच्या घरी अपंग आहेत, रोगी आहेत, खरोखर सात माणसे रोज जातात, त्यांना मोठी गाडी ही गरज आहे. तिला कोणी पाप म्हणू नये. अशांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. आपण विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" ह्या प्रश्नात एक फसवणूक आहे. १० चे ॲव्हरेज १२ झाले तर हजार किलोमीटरला १७ लिटर वाचतात. २० चे २५ झाले तर दहाच वाचतात. पाचाची वाढ दोनांच्या वाढीहून मोठी दिसते, पण वाचते कमी. म्हणून "लिटरला किती किलोमीटर" असे न विचारता "शंभर किलोमीटरला किती लिटर" असे विचारावे. ज्याला मोठी गाडी घेणे भागच आहे, त्याने मोठ्यांतली काटकसरी घेतली तर त्याचा उपकार लहान गाडीवाल्याहून मोठा होतो.

येथे लहान गाडीवाल्यांनीही फुशारू नये. १८६५ साली इंग्लंडमध्ये जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने दगडी कोळशावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. वाफेची यंत्रे सुधारली, कमी कोळशात अधिक काम करू लागली. पण कोळशाचा खप घटला नाही, वाढला. कारण काम स्वस्त झाले म्हणून जेथे यंत्र नव्हते तेथेही यंत्र आले. आपल्याकडे हेच घडते. गाडीला गॅस बसवला, खर्च निम्म्यावर आला, की जो पूर्वी रविवारी गाडी काढी तो रोज भाजीला गाडी काढतो. एकादशीला भगर, साबुदाणा, रताळी आणि शेंगदाण्याची आमटी अशी चौरस पंगत झाली, म्हणजे उपास घडला का? यंत्राची काटकसर म्हणजे माणसाची काटकसर नव्हे. यंत्र वाचवते, मन खर्च करते.

आता पर्यायी इंधनाचा विचार. पुतण्याचा सारा भर यावर. पेट्रोल वाईट, तर दुसरे काही जाळू. ह्यात माझाही स्वार्थ गुंतला आहे, तो आधी कबूल करतो. भीमेकाठी आमचा अडीच एकर ऊस आहे. तो कारखान्यास जातो आणि कारखाना साखरेबरोबर इथेनॉल करतो. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. परदेशास जाणारा पैसा वाचतो, कारखान्याला साखरेशिवाय दुसरे गिऱ्हाईक मिळते, म्हणून उसाचे बिल वेळेवर येण्याची आशा वाढते. हे सारे चांगले आहे आणि मी त्या बिलाचा लाभार्थी आहे.

परंतु त्या वृद्ध वारकऱ्याच्या प्रश्नाने मला त्याच्याच जिल्ह्याची आठवण झाली. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पिण्यास पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत ५०,००० लिटर. म्हणजे पाच लाख लिटर. आता नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातील आकडा घ्या. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, शेतातले धरून. भागाकार करून पाहा. ज्या आगगाडीची अवघे लातूर वाट पाहत होते, तिच्यातल्या पाण्याएवढ्या पाण्यात १७५ लिटर इथेनॉल होते. चार लहान गाड्यांच्या टाक्या भरल्या की संपले. शिवाय एका लिटर इथेनॉलमधील शक्ती पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच असते.

हा हिशेब मांडून मी रात्री बराच वेळ जागा होतो. कोणी म्हणेल, बुवा, ही तुलना थोडी ओढूनताणून आहे. ते पाणी ऐन टंचाईतले. उसाचे पाणी वर्षभर पावसाचे, पाटाचे, विहिरीचे. आणि मळीपासून इथेनॉल केले तर ऊस साखरेसाठी पिकलाच होता, मळी फुकट जाण्याऐवजी कामी आली. हे आक्षेप रास्त आहेत. मळीचा उपयोग करणे म्हणजे उष्ट्या-खरकट्यातून गाईला घालण्यासारखे आहे; त्यात दोष नाही. पण रस थेट इथेनॉलकडे वळवला, किंवा खास त्यासाठी ऊस वाढवला, की गोष्ट बदलते. २०२३ साली पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल असे दिसले, तेव्हा त्या डिसेंबरात सरकारलाच उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधन घालावे लागले. ब्राझील देशाने १९७५ पासून उसाचे इथेनॉल गाड्यांत घातले, त्याचे उदाहरण सगळे देतात. पण तेथला बहुतेक ऊस पावसावर येतो, आपला ऊस पाटावर आणि विहिरीवर उभा असतो. एकाचे औषध दुसऱ्यास तसेच लागू पडत नाही.

विजेच्या गाडीचे काय? तिची मोटर खरोखर गुणी आहे. पेट्रोलचे इंजिन इंधनातल्या शक्तीचा चौथा हिस्सा जेमतेम चाकापर्यंत पोचवते, बाकी उष्णता होऊन जाते. विजेची मोटर तीन-चतुर्थांशाहून अधिक पोचवते. शहरात धूर नाही, आवाज नाही. पण वीज कोठून येते? आपल्या देशात अजून शंभरातील सत्तरांच्या वर वीज कोळशाची आहे. धूर पुण्यात दिसत नाही, तो चंद्रपूर, परळीकडे निघतो. काही प्रकारच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट लागतो, आणि आफ्रिकेत काँगो देशातील खाणींत तो काढण्यासाठी लहान मुलेही राबतात. तरीही सारासार पाहता लहान विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीहून बरी, हे मी मान्य करतो. जसजशी सूर्याची, वाऱ्याची वीज वाढेल तसतशी ती आणखी बरी होईल. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी एस.टी.ची विजेवरची शिवाई धावली. चाळीस माणसे आणि वीज, दोन्ही गुण एकत्र आले. खरा पर्याय म्हणावा तो असा.

तात्पर्य, इंधन बदलले म्हणजे ऋण फिटत नाही, सावकार बदलतो. पेट्रोलचे ऋण हवेचे आणि परक्या देशाचे. इथेनॉलचे ऋण पाण्याचे. विजेचे ऋण कोळशाच्या गावाचे. ज्याचे व्याज कमी तो सावकार निवडावा, हे शहाणपण झाले. पण कर्जच कमी काढावे, हा धर्म झाला.

योगसूत्रांत पाच यमांमध्ये शेवटचा अपरिग्रह सांगितला आहे. व्यासभाष्यात त्याचे विवरण करताना वस्तू जवळ करण्यातले पाच दोष दाखवले आहेत: मिळवण्याचा त्रास, राखण्याचा त्रास, झिजण्याचे दुःख, गुंतणे आणि हिंसा. गाडीला हे पाचही जसेच्या तसे लागतात. मिळवताना बँकेचे हप्ते. राखताना विमा, जागा, कोणी ओरखडा काढील ही धास्ती. झिजणे तर दुकानाबाहेर काढली त्या दिवसापासून. गुंतणे असे की शेजाऱ्याची मोठी पाहिली की आपली लहान वाटते. आणि हिंसा म्हणजे वर सांगितलेला धूर, पाणी, वाटेवरचा पायी माणूस. पहिले चार दोष मालकाला भोगावे लागतात, म्हणून ते तरी लक्षात येतात. पाचवा दुसऱ्याला भोगावा लागतो, म्हणून तो दिसत नाही. जो दोष आपल्याला दुखत नाही, त्याचीच चौकशी आधी करावी.

मग निवाडा काय दिला? मुलाला म्हटले, "तीनशे दिवसांसाठी गाडी घे, दहा दिवसांसाठी भाड्याने आण." रोजच्या कामाला लहान गाडी, तीही कचेरीतला दुसरा कोणी त्याच वाटेचा असेल तर त्याला बरोबर घेऊन. गावी सगळ्यांनी जायचे तेव्हा सात-आसनी भाड्याने. आईच्या गुडघ्यांसाठी लहानांतली जरा उंच बैठकीची पाहायची. मोठी घेतली असती तर सारे मिळून ११२५ लिटर जळते. असे केले तर ७२५. हप्ताही कमी. पुतण्याला म्हटले, "पाप हा शब्द गाडीला लावू नकोस. तुझ्या लहान विजेच्या गाडीतून तू रात्री नुसता फिरायला पन्नास किलोमीटर जातोस, तेही हिशेबात धर." दोघेही थोडे नाराज झाले. मध्यस्थाचा निवाडा बहुधा बरोबर असतो, तेव्हा असेच होते. मुलाने अजून गाडी घेतलेली नाही; परवा म्हणाला, "अण्णा, शेजारचे काय म्हणतील, एवढंच वाटतं." म्हटले, "बाळा, सारा प्रश्न तेवढाच होता. इंधनाचा नव्हताच."

राहिला माझा निवाडा. तो कठीण. आमच्या कीर्तनकारांत ज्याला मोठी गाडी येते तो मोठा, अशी एक समजूत पडत चालली आहे, आणि ती मला आवडत नव्हती असे म्हटले तर खोटे होईल. गाडीचे दार उघडून धरलेले बरे वाटते. आता मी ठरवले आहे ते असे. जेथे एस.टी. जाते तेथे एस.टी.ने, वय सदुसष्ट, अर्ध्या तिकिटात काम होते. जेथे रात्री परतायचे, गाडी हवीच, तेथे टाळकरी आणि पखवाजवाले त्याच गाडीत बसतील; सात आसने भरतील तेव्हाच ती हलेल. मंडळींना आधी निरोप देतो, म्हणजे टेम्पोचा खर्चही वाचतो. गेल्या महिन्यात असे दोनदा झाले. दाटी झाली, पखवाज मांडीवर घ्यावा लागला. पण वाटेत भजन रंगले, जे एकट्या गाडीत कधी रंगले नव्हते. ऊस मात्र अजून उभा आहे. त्याला ठिबक करायची आणि पुढच्या खोडव्यानंतर एक एकर दुसऱ्या पिकाखाली न्यायचा, एवढे घरात बोलणे झाले आहे. झाले म्हणजे मगच छाती फुगवीन.

वर्षातून एकदा आपण आळंदीहून, देहूहून निघून सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालतो. लोक विचारतात, गाडी असताना चालता कशाला? त्याचे एक उत्तर मला ह्या निमित्ताने नवे सुचले. अंतराची खरी किंमत पायांना कळते. ज्याच्या पायांना ती एकदा कळली, त्याने उरलेले अकरा महिने ती विसरून गाडी हाकू नये.

त्या लातूरकडच्या माउलींना हा लेख वाचायला मिळेल की नाही, ठाऊक नाही. मिळाला तर त्यांनी इतकेच समजावे की त्या दिवशी ओट्यावर जे उत्तर दिले ते उत्तर नव्हते. हे आहे. तेही अर्धेच आहे. उरलेले अर्धे करून दाखवायचे आहे.

रामकृष्ण हरि.